शेगडी नसलेल्या कोठड्या

‘डॉक्टर, तिला थंडी-वारा काही कळत नाही हो.’ मनोरुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक ओपीडीत आजही हे सहज सांगून जातात. १८४१ च्या मार्चमध्ये बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात डोरोथिया डिक्स यांनाही असेच उत्तर मिळाले होते.

डिक्सबाई तिथे रविवारी कैदी स्त्रियांना धर्मपाठ शिकवायला गेल्या होत्या. काहीही गुन्हा नसलेल्या मनोरुग्ण स्त्रिया तिथे गुन्हेगारांबरोबर, शेगडी नसलेल्या कोठड्यांत कोंडलेल्या दिसल्या. बाई थेट न्यायालयात गेल्या आणि कोठड्यांत उबेची सोय करून घेतली.

इतरांच्या नजरेतून सुटलेले त्यांना दिसले, याचे कारण मला त्यांच्या आधीच्या आयुष्यात सापडते. जन्म १८०२ चा, मेन राज्यातल्या हॅम्पडेन गावचा. वडील दारूच्या आहारी गेलेले. बाराव्या वर्षी घर सोडून त्या बोस्टनला आजीकडे आल्या आणि चौदाव्या वर्षी चक्क शाळा चालवू लागल्या. १८३६ मध्ये मात्र शरीर आणि मन दोन्ही कोसळले. छातीचे दुखणे जुनेच होते. जोडीला जे आले त्याला आज आपण डिप्रेशन म्हणू. त्या इंग्लंडला गेल्या. लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबाने त्यांना वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी सांभाळले. आज आपल्याकडे आहेत तशी औषधे तेव्हा नव्हती. विश्रांती, आपुलकीचे घर आणि घाई न करणारी माणसे, एवढाच तो उपचार. यॉर्कच्या ‘रिट्रीट’मध्ये मनोरुग्णांना साखळदंडांशिवाय, माणसासारखे वागवतात, हेही त्यांना तिथेच कळले.

परतल्यावर पुढचे काम ईस्ट केंब्रिजपासून सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समधले तुरुंग आणि गरीबगृहे पालथी घालून १८४३ मध्ये त्यांनी विधिमंडळाला निवेदन दिले. वूस्टरच्या रुग्णालयाचा विस्तार झाला. मग एकेक राज्य. न्यू जर्सीतले ट्रेंटनचे मनोरुग्णालय १८४८ मध्ये सुरू झाले. मनोरुग्णांसाठी एक कोटी एकर जमीन राखणारे विधेयक १८५४ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण अध्यक्ष पियर्स यांनी ते नाकारले.

यादवी युद्धात त्या लष्करी परिचारिकांच्या प्रमुख होत्या. तिथे त्यांचे डॉक्टरांशी फारसे जमले नाही. स्वभाव हट्टी आणि नियम कडक; तरुण, नटव्या मुलींना प्रवेशच नाही. आणि त्यांनी उभारलेली रुग्णालयेही पुढे रुग्णांनी खच्चून भरली, हेही सांगायला हवे.

इमारत उभी राहिली तरी रात्री रुग्णाजवळ कोण, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी परिचारिकांचे प्रशिक्षण अमेरिकेत १८८२ मध्ये मॅक्लीन रुग्णालयात सुरू झाले. मी राऊंडला एकेका रुग्णापाशी पाच-दहा मिनिटे असतो. उदास रुग्णाने ताट परत पाठवले, तो पहाटे तीनलाच उठून बसला, जिवाचे काही बरेवाईट करण्याचे बोलला, हे आधी सिस्टरला कळते. औषध बदलण्याचे माझे कितीतरी निर्णय तिच्या नोंदींवर झालेले आहेत.

१८८१ मध्ये थकलेल्या, आजारी डिक्सबाई ट्रेंटनला आल्या. रुग्णालयाने त्यांना राहायला जागा दिली. जुलै १८८७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.