मधाची तारीख आणि डॉ. कमला सोहोनी

नेकनूरच्या आठवडी बाजारात मध दोन प्रकारांनी मिळतो. एक रानातून काढून जुन्या बाटलीत भरलेला, ज्यावर ना नाव ना तारीख. दुसरा किराणा दुकानातला, लेबल लावलेला. लेबलवाली बाटली घरात फडताळात मागे राहते, तारीख उलटून जाते आणि प्रश्न पडतो: हा मध खायचा की फेकायचा? त्याच बाजारातला खवा उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो आणि मध मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो, हे कसे? अन्न का टिकते, का नासते आणि त्यात पोषण किती उरते, या प्रश्नांवर एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीने मोलाचे काम केले. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. नकाराचे सबळ कारण मिळेपर्यंत त्यांनी रामन यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलला. पण त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशीही श्वसनासाठी सायटोक्रोम-सी हे द्रव्य वापरतात, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहणे शक्य असताना त्या त्याच वर्षी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. इथे त्यांनी गरिबाच्या ताटातले पदार्थ अभ्यासाला घेतले. काही कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. ती कोणत्या कडधान्यांत किती आहेत, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी तपासले. वाल, पावटे नीट भिजवून, शिजवून खावेत असे आजी सांगते, त्यामागचे एक शास्त्रीय कारण हे आहे.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात आहेत, आणि नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही ती टिकतात, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मधाचे कोडे इथेच सुटते. नीराही गोड आणि मधही गोड. पण नीरेत पाणी भरपूर असते. म्हणून ऊन वाढले की यीस्ट कामाला लागते आणि काही तासांत नीरेची ताडी होते. मधात पाणी साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी, बाकी बहुतेक साखर. इतकी दाट साखर जंतूंच्या अंगातलेच पाणी ओढून घेते. त्यात मध आम्लधर्मी असल्याने जंतू वाढत नाहीत. ताडगूळ टिकतो तोही पाणी आटल्यामुळेच. मात्र मधात ओला चमचा गेला किंवा कच्चा, पातळ मध भरला, तर तोही आंबतो.

दुधाचे उलटे आहे. त्यात पाणीही आहे आणि जंतूंना लागणारे सगळे पोषणही. मुंबईच्या आरे दूध योजनेच्या सल्लागार म्हणून कमलाबाईंनी दूध नासू नये यासाठी पद्धत बसवून दिली. एवढे करूनही संस्थेचे संचालकपद त्यांना चार वर्षे उशिराने मिळाले. तिथेही बाई असणे आड आले.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांसाठी उभ्या राहिल्या. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाचे काम त्यांनी केले, १९८२-८३ मध्ये अध्यक्षपद सांभाळले आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. प्रयोगशाळेतले ज्ञान पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या बाईच्या हाती पडावे, यासाठी ही धडपड होती. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आज पाकिटावर तारीख छापणे सक्तीचे आहे. ती वाचायची कशी, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटलेला माल विकता येत नाही, तो घेऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही चव, वास, कुरकुरीतपणा यांची मुदत. दोन्ही तारखा सीलबंद आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटाच्या असतात. उन्हात राहिलेली किंवा वीज गेल्याने फ्रिजबाहेर पडल्यासारखी झालेली दुधाची पिशवी तारखेआधीच नासते. सुट्या मिठाईवरही १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानात ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे बंधनकारक आहे. खवा, पेढे घेताना ती विचारावी.

घरातल्या बाटलीतला मध थंडीत घट्ट झाला, साखरेसारखा रवाळ झाला, तर तो खराब नसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. पण फेस आला, आंबूस वास सुटला, तर तारीख काहीही असो, फेकून द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मध टिकतो म्हणजे तो सर्वांना चालतो असे नाही. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजे निद्रिस्त असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. हा आजार क्वचित होतो, पण जिवावर बेततो. बाळाला शौचास होत नाही, दूध ओढण्याची ताकद कमी होते, रडणे क्षीण होते, अंग ढिले पडते. असे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. बाळ जन्मताच मध चाटवण्याची रीत आपल्याकडे अजून अनेक घरांत आहे. ती सोडायला हवी. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही नको.