ग्रेसवर पास झालेला पास्कल

पास्कल हे नाव आपल्यापैकी कोणालाच नवीन नाही. दाबाचं एकक पास्कल, हायड्रॉलिक प्रेस चालतो तो पास्कलच्या नियमावर, गणितात पास्कलचा त्रिकोण, आणि १९७० साली आलेल्या एका संगणकभाषेलाही त्याचंच नाव! पण हाच माणूस आयुष्याच्या शेवटी यंत्रं बाजूला ठेवून एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागला होता, हे आपल्या टेक्स्टबुकात येत नाही. प्रश्न असा, की माणूस केवळ स्वतःच्या हुशारीवर आणि मेहनतीवर चांगला होऊ शकतो का?

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमों गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन यांनी ब्लेझला आणि त्याच्या दोन बहिणींना, थोरली जिल्बेर्त आणि धाकटी जाक्लीन, घरीच शिकवलं. सोळाव्या वर्षी पोराने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला. वडील रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. त्यांच्या न संपणाऱ्या बेरजा बघून १६४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने दातेरी चाकांचं गणकयंत्र बनवायला घेतलं. त्यात हातचा आपोआप पुढच्या घरात जायचा. मनासारखं यंत्र जमेपर्यंत त्याने पन्नासच्या आसपास नमुने केले म्हणतात.

१६४६ च्या जानेवारीत वडील बर्फावरून घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. उपचाराला दोन हाडवैद्य भाऊ आले, ते तीन महिने घरातच राहिले. हे दोघे यान्सेन नावाच्या बिशपच्या विचारांचे होते. त्यांनी दिलेली पुस्तकं घरात वाचली जाऊ लागली.

त्या पुस्तकांत होतं काय? ख्रिस्ती धर्मात पाप म्हणजे नुसती वाईट कृत्यांची यादी नव्हे. आदामाने देवाची आज्ञा मोडली तेव्हापासून माणसाचं मनच स्वतःकडे वळलेलं आहे, तो देवाच्या जागी स्वतःला बसवतो, हे मूळ पाप. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने ठासून मांडलं, की या वाकलेल्या मनाला स्वतःच्या जोरावर सरळ होता येत नाही, त्याला देवाची कृपा लागते. इंग्रजीत या कृपेलाच 'ग्रेस' म्हणतात. हो, आपल्या मार्कशीटवरचा तोच शब्द! पण फरक मोठा आहे. आपल्याला ३८ पडले तर वरचे २ ग्रेसचे. यान्सेनवादी म्हणत, की तुमचे ते ३८ सुद्धा तुमचे नाहीत. अभ्यासाला बसायची इच्छा झाली, तीही कृपाच.

पास्कलला हे पटलं, पण डोक्यात. स्वभाव होता तसाच राहिला. १९ सप्टेंबर १६४८ ला त्याच्या सांगण्यावरून जिल्बेर्तचा नवरा पाऱ्याची नळी घेऊन प्युय द डोम डोंगरावर चढला. वर गेल्यावर पारा खाली उतरला आणि हवेला वजन असतं याला भक्कम पुरावा मिळाला. पास्कलचं नाव झालं, आणि श्रेयासाठी तो भांडायचाही. १६५१ मध्ये वडील वारले. जाक्लीनला पॅरिसजवळच्या पोर-रोयाल मठात नन व्हायचं होतं. तर या भावाने तिच्या वाट्याचे पैसे मठाला द्यायला खळखळ केली! बहीण १६५२ च्या जानेवारीत निघून गेली. पैसे त्याने नंतर दिले, पण तिला दुखावून.

पुढची दोन वर्षं बड्या लोकांत ऊठबस, १६५४ मध्ये फर्मासोबत संभाव्यतेच्या गणिताची पायाभरणी. बाहेरून सगळं छान, आतून मात्र रिकामं. तो पुन्हा पुन्हा जाक्लीनकडेच मन मोकळं करायला जाऊ लागला. आणि २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साधारण साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान, त्याला असा काही अनुभव आला की तो त्याने एका कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. घरच्यांनाही पत्ता नाही. मेल्यानंतर नोकराला तो सापडला.

कृपेच्या वादात पास्कल पुढे उघड उतरला. जेझुइट पंथाचं म्हणणं, की देव कृपा देतो, पण ती घ्यायची की नाही हे माणसाच्या हातात असतं. त्यांच्याविरुद्ध त्याने १६५६-५७ मध्ये टोपणनावाने अठरा पत्रं छापली. लोकांनी ती चवीने वाचली. चर्चने मात्र यान्सेनची मतं आधीच, १६५३ मध्ये, चुकीची ठरवली होती. पत्रंही निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली.

मला सगळ्यात भिडली ती शेवटची गोष्ट. आपली हुशारी हीच आपली सर्वांत मोठी परीक्षा, हे पास्कलला कळलं होतं. जिल्बेर्तने लिहून ठेवलंय, की तो अंगाला टोकदार लोखंडी पट्टा बांधायचा आणि गर्व वाटला की कोपराने दाबायचा. १६६२ मध्ये त्याच्याच योजनेनुसार पॅरिसमध्ये पाच सूंत बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या. त्यातला पैसा त्याला गरिबांकडे पाठवायचा होता. त्याच वर्षी त्याने घरात आसरा दिलेल्या एका गरीब कुटुंबातल्या मुलाला देवी आल्या. पास्कल स्वतः अंथरुणाला खिळलेला. लोक म्हणाले, मुलाला हलवा. त्याने मुलाला राहू दिलं आणि स्वतः जिल्बेर्तकडे गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

आता कोणी विचारेल, सगळं कृपेनेच मिळतं तर एवढा आटापिटा कशाला? मला वाटतं, उत्तर त्या देवी आलेल्या मुलात आहे. पास्कल काही मार्क मिळवायला घराबाहेर पडला नव्हता. आपल्याला फुकट मिळालंय असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला दुसऱ्याला देताना हिशोब सुचत नाही. गणकयंत्र बनवणाऱ्या माणसाने हिशोब सोडून द्यावा, ही गोष्ट काही लहान नाही.

मेरिट लिस्ट, कटऑफ, केटी यांतच आपली चार वर्षं जातात. पुढच्या वेळी 'ग्रेसवर सुटला' म्हणून कोणाला हसायच्या आधी पास्कलची आठवण ठेवूया!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी