स्वच्छ हातांचा अधिकारी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगाल इलाख्यात माल घेऊन प्रवास करणे हे व्यापाऱ्याला मोठे जिकिरीचे काम होते. कंपनी सरकारची जकात भरून रवन्ना, म्हणजे मालाचा परवाना, हाती घेतला तरी त्याची सुटका होत नसे. वाटेतील नाक्यांवर त्याचा माल रवन्न्याशी ताडून पाहिला जाई. गाठोडी सोडावयास लावावीत की नाही, वर्णनात किंचित फरक आढळला तर गाड्या किती वेळ अडकवून ठेवाव्यात, हे सारे नाक्यावरील कारकून व शिपाई यांच्या मर्जीवर अवलंबून असे. त्यांचा पगार तुटपुंजा, पण अधिकार मोठा होता. त्यामुळे नियमाने वागणारा व्यापारी खोळंबून राही आणि शिपायाची मूठ दाबणारा पुढे निघून जाई. ही दुःस्थिती ज्याने सरकारपुढे स्पष्टपणे मांडली, त्या अधिकाऱ्याचे नाव चार्लस एडवर्ड ट्रेव्हेलियन असे होते.

चार्लसचा जन्म इ. स. १८०७ मध्ये इंग्लंडमधील टाँटन या गावी झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. हेलिबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८२६ साली तो बंगालच्या मुलकी नोकरीत दाखल झाला आणि लवकरच दिल्लीस त्याची नेमणूक झाली. येथील भाषांत त्याने चांगले प्रावीण्य मिळविले होते. कामाचा उरक दांडगा, स्वभाव हट्टी व बोलणे रोखठोक, अशी त्याची ख्याती होती.

दिल्लीत कंपनीचा सर्वांत मोठा अधिकारी म्हणजे रेसिडेंट. त्या जागेवर तेव्हा सर एडवर्ड कोलब्रुक होता. त्याची नोकरी दीर्घ होती, घराणे प्रतिष्ठित होते. असा हा वरिष्ठ लोकांकडून पैसे व नजराणे स्वीकारतो, हे ट्रेव्हेलियनच्या ध्यानात आले. त्या काळी भेट कोणती आणि लाच कोणती यांतील भेद पुष्कळांनी सोयीस्करपणे पुसून टाकला होता. तरुण अधिकाऱ्याने डोळे मिटून घेतले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण १८२९ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने आपल्या वरिष्ठावर उघडपणे लाचखोरीचा आरोप केला. आरोप खोटा ठरता, तर त्याची नोकरी व अब्रू दोन्ही गेली असती. दिल्लीतील पुष्कळ गोऱ्या मंडळींनी त्याच्याशी बोलणेचालणे टाकले. तरीही तो डगमगला नाही. एकेक पुरावा त्याने चौकशीपुढे मांडला. अखेरीस आरोप शाबीत झाले व कोलब्रुक नोकरीतून बडतर्फ झाला.

एक लाचखोर दूर झाला, तरी लाच घेण्याची संधी तशीच राहिली, तर त्याच्या जागी दुसरा उभा राहावयास वेळ लागत नाही. पुढे कलकत्त्यास काम करीत असताना ट्रेव्हेलियनने अंतर्गत जकातींचा बारकाईने अभ्यास केला आणि १८३४ साली त्यावर विस्तृत अहवाल सादर केला. या जकातींपासून सरकारला जे उत्पन्न मिळते, त्याच्या मानाने व्यापाराची होणारी हानी कितीतरी मोठी आहे, असे त्याने दाखवून दिले. नाक्यावर दिली जाणारी चिरीमिरी सरकारी खजिन्यात पोहोचत नसे. तिचा भार मात्र अखेर माल विकत घेणाऱ्या गरिबावर पडे. १८३६ मध्ये बंगाल इलाख्यातील, १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातील व १८४४ मध्ये मद्रास इलाख्यातील या अंतर्गत जकाती रद्द झाल्या. मिठावरील जकातीची रेषा मात्र उत्तरेत १८७९ पर्यंत कायम होती.

१८४० साली ट्रेव्हेलियन इंग्लंडच्या सरकारी खजिन्याच्या खात्यात उच्च पदावर रुजू झाला. तेथे त्याला निराळाच दोष आढळला. सरकारी जागा वशिल्याने भरल्या जात. जो दुसऱ्याच्या मेहेरबानीने खुर्चीवर बसतो, तो त्या मेहेरबानीची फेड करण्यातच गुंततो, मग लोकांचे काम मागे पडते. सर स्टॅफर्ड नॉर्थकोट याच्यासह त्याने तयार केलेला अहवाल १८५४ साली प्रसिद्ध झाला. उमेदवारांची निवड स्पर्धापरीक्षेने व बढती गुणांवर व्हावी, अशी त्यात शिफारस होती. या सूचनेला प्रखर विरोध झाला. इंग्लंडमध्ये खुली परीक्षा सामान्यपणे लागू होण्यास १८७० साल उजाडले.

या थोर गुणांबरोबरच त्याच्या चरित्रात एक काळी बाजूही आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ पडला. मदतीच्या खर्चाची सूत्रे ट्रेव्हेलियनच्या हाती होती. सरकारने बाजारात फार हात घालू नये आणि लोकांना मदतीची सवय लागू नये, या मतांना तो घट्ट चिकटून राहिला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. याचा सर्व दोष त्या एकट्याचा नव्हता; पण हिशेबाचा पै-पैसा चोख ठेवणाऱ्या या माणसाला भुकेल्यांची हाक पुरेशी ऐकू आली नाही, हा ठपका इतिहासाने त्याच्यावर ठेवला आहे.

१८५९ साली तो मद्रासचा गव्हर्नर होऊन पुन्हा हिंदुस्थानात आला. वरिष्ठ सरकारने योजिलेले नवे कर त्याला अयोग्य वाटले. आपला विरोध त्याने वृत्तपत्रांत प्रसिद्ध केला, म्हणून १८६० मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. तरीही त्याच्या योग्यतेची जाणीव सरकारला होती. १८६३ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या वित्तखात्याचा कारभार त्याच्याकडेच सोपविण्यात आला. १८८६ साली लंडन येथे त्याचे निधन झाले.

ट्रेव्हेलियनच्या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानी येतात. लाच न घेणारा अधिकारी राज्याचे भूषण आहे. पण नाक्यावरच्या शिपायाला हात पुढे करण्याची संधीच मिळू नये, अशी व्यवस्था लावणे हे त्याहून टिकाऊ काम आहे. दुसरी गोष्ट अशी की, अधिकाऱ्याचे हात स्वच्छ असणे अत्यावश्यक असले तरी तेवढ्याने त्याचे कर्तव्य संपत नाही. ज्यांच्यासाठी तो अधिकार चालवितो, त्यांच्या सुखदुःखाची जाणही त्याला असावी लागते.