पंडिता रमाबाई

खडकीच्या स्टेशनावरून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाड्या आपण नित्य पाहतों. पुण्याच्या पुढें सोलापूरच्या वाटेवर केडगांव लागतें. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ मध्यें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व मातोश्री लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या कन्येस दिली. तीर्थाटन करीत असतां दुष्काळांत मातापितरांचा अंत झाला. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं या वीस वर्षांच्या तरुणीस पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. १८८० सालीं विवाह झाला. १८८२ सालीं वैधव्य आलें. जवळ मनोरमा ही एक तान्ही मुलगी होती.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनीं तेथें पाहिल्या. ही दया कोठून येते, असें पुसतां एका भगिनीनें त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीपाशीं येशू एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो, आणि तिचें सारें पूर्वायुष्य जाणूनही तिच्याशीं आदरानें बोलतो, ती ही कथा. तिनें रमाबाईंच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणिलें. १८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेनें मोठें वादळ उठलें. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. तरी बाईंनीं कार्य सोडलें नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणविल्या, कारण उपासमार म्हणजे काय हें त्या स्वतः जाणत होत्या. केडगांवीं त्यांस शिक्षण व हातांस उद्योग मिळाला. पतित स्त्रियांकरितां तेथें कृपासदन उभें राहिलें. शोमरोनी स्त्रीची ती कथा अशी फळास आली.

उतारवयांत इब्री व ग्रीक भाषा शिकून, अल्पशिक्षित स्त्रियांसही समजेल अशा सोप्या मराठींत बाईंनीं पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. त्याचे खिळे मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच जुळविले. १९२१ सालीं मनोरमाबाई निवर्तल्या. तो आघात सोसून बाईंनीं काम तडीस नेलें, व ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, पाठांतर आपण सर्वच करतों. परंतु वाचलेल्या ओळींतून शेजारच्या दीनास मान देण्याची बुद्धि उपजते कीं नाहीं, हें रमाबाईंच्या चरित्राशेजारीं आपण ताडून पाहावें, अशी आमची विनंती आहे.