माहीमच्या खाडीवर टोल नको म्हणणाऱ्या आवाबाई

नाशिकहून आग्रा रस्त्याने मुंबईत येणाऱ्या गाड्यांसाठी शीवचा बांध १९व्या शतकाच्या आरंभीच झाला होता. पश्चिमेकडे वांद्र्याच्या माणसाला मात्र माहीमची खाडी होडीनेच ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. १८४१ साली अशीच मोठी दुर्घटना झाल्याचं सांगतात.

कंपनी सरकार खर्च करायला तयार नव्हतं. पैसे दिले ते सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी. जमशेटजींचा जन्म १७८३चा. सोळाव्या वर्षी आईवडील गेले, मग चीनच्या फेऱ्या सुरू झाल्या. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात अफाट संपत्ती जमली. तिच्यातूनच जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं, पण तिचा उगम काही निर्मळ नव्हता. १८४२ मध्ये जमशेटजी 'सर' झाले, तशा आवाबाई 'लेडी' झाल्या.

१८४३ मध्ये काम सुरू झालं. एक लाखाचा अंदाज होता, तो पुरला नाही. आवाबाईंनी आणखी ५७ हजार घातले. त्यांची अट एकच होती: बांधावरून जाणाऱ्या कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. सरकारने ती मान्य केली आणि १८४५ मध्ये बांध खुला झाला. वांद्र्याचा भाजीवाला आता भरती-ओहोटी न पाहता शहरात येऊ लागला.

जमशेटजी १८५९ मध्ये वारले. दादरहून माहीमकडे जाणाऱ्या एल. जे. रोडमधली 'एल. जे.' म्हणजे याच लेडी जमशेटजी. शेजारी २००९ मध्ये खुल्या झालेल्या सागरी सेतूवर टोल भरावा लागतो. आवाबाईंच्या बांधावर तो आजही नाही.