पाठीच्या दुखण्यापर्यंत पोहोचलेले भौतिकशास्त्रज्ञ : फेलिक्स ब्लॉख

पाठदुखीच्या रुग्णाचा एमआरआय काढला, की अनेकदा मणक्यांमधील दोन-तीन चकत्या झिजलेल्या दिसतात. त्यांपैकी दुखते ती कोणती, हे मात्र चित्रावरून सहसा सांगता येत नाही. कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही अशा चकत्या आढळतात. खात्रीसाठी चकतीत सुई घालून, द्रव सोडून मुद्दाम वेदना जागवणे हाच मार्ग असे. आता चकतीतील रसायनांचे प्रमाण सुईविना अजमावणारे चुंबकीय अनुस्पंदनाचे तंत्र पुढे आले आहे. त्याचा उगम शोधू लागल्यास फेलिक्स ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमधील प्रयोगशाळेपाशी यावे लागते.

२३ ऑक्टोबर १९०५ रोजी झुरिच येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले ब्लॉख हे लाइपझिग येथे वेर्नर हायझेनबर्ग यांचे पहिले डॉक्टरेटचे विद्यार्थी. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली व पुढील वर्षी ते स्टॅनफर्डला रुजू झाले. युद्धकाळात रडारविरोधी संशोधन करताना मिळालेले रेडिओतंत्राचे ज्ञान त्यांना पुढे उपयोगी पडले. १९४६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संकेत टिपला. हार्वर्ड गटाचे एडवर्ड पर्सेल यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले होते. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

ब्लॉख यांना रस होता तो अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाच्या अचूक मोजणीत, रसायनशास्त्रात नव्हे. त्यामुळे १९५० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर व यू यांना अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनकडून एकाऐवजी दोन संकेत मिळाले, तेव्हा ती मोजणीतील अडचणच ठरली. वस्तुतः अणूचा रासायनिक शेजार बदलला, की संकेताची जागा सरकते. १९५१ मध्ये अरनॉल्ड, पॅकर्ड आणि भारतीय संशोधक एस. एस. धर्मट्टी यांनी एथिल अल्कोहोलचे तीन वेगळे संकेत दाखवून हे स्पष्ट केले. याच धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची पायाभरणी केली.

चकतीची तपासणी याच सरकण्यावर आधारलेली आहे. प्राणवायू अपुरा पडलेल्या चकतीत लॅक्टिक आम्ल साचते, तर पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन घटते. दोहोंचे संकेत वेगळे ओळखता येतात. अर्थात, हे तंत्र अद्याप सर्वत्र रूढ झालेले नाही आणि प्रत्यक्ष तपासणीची जागाही ते घेत नाही.

१९५४-५५ मध्ये ‘सर्न’चे पहिले महासंचालक राहिलेले ब्लॉख १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिच येथेच निवर्तले. एमआरआय यंत्रे त्या सुमारास रुग्णालयांत नुकतीच येऊ लागली होती.