ग्रंथपाल हाही शिक्षकच : डॉ. रंगनाथन

आपल्या जुन्नरच्या मुसलमान कागदी कारागिरांनी बनविलेला कागद एके काळी नावाजलेला होता. कागदावर इल्म उतरते, त्याचा ग्रंथ होतो. पण तो ग्रंथ गरजू विद्यार्थ्याच्या हाती पोचावा कसा, याचे शास्त्र या देशात ज्यांनी उभे केले त्या डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांची ओळख आपल्या मुलामुलींना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचा जन्म 1892 साली तंजावर जिल्ह्यातील शियाली गावी झाला. मूळचे ते गणिताचे उस्ताद. बोलताना अडखळत, तरीही 1917 पासून मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथील सरकारी कॉलेजांत त्यांनी वर्ग घेतले. जानेवारी 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार वाढला, पण वाचक फिरकेनात. रिकाम्या दालनात जीव कोंडू लागला, तेव्हा थोड्याच दिवसांत ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि आपला वर्ग परत मागू लागले. आधी विलायतेत जाऊन हे शास्त्र शिकावे, तरीही मन रमले नाही तर खुशाल परत यावे, असा तोडगा निघाला.

लंडनमध्ये त्यांचे मन पालटले. सेयर्स नावाच्या ग्रंथपालाच्या हाताखाली ते शिकले, अनेक ग्रंथालये पाहिली. एका दुकानात मुलांचा मेकॅनो खेळ त्यांच्या दृष्टीस पडला. त्याच पट्ट्या व तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की नवी वस्तू! विषयांचेही असेच असते, हे त्यांनी हेरले. द्राक्षे, त्यांवरील रोग, रोगावरील उपाय, प्रदेश, साल असे तुकडे करून ते जोडले की पुस्तकाची नेमकी जागा ठरते. यातूनच 1933 ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती जन्मली.

मद्रासला परतल्यावर त्यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले, ग्रंथालयाची वेळ वाढविली आणि वाचकाला मदत करणारे सेवक नेमले. आपल्यातील कित्येक पालकांना ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा माणूस वाटतो. रंगनाथन यांना ते मुळीच मान्य नव्हते. नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला ग्रंथालय कसे वापरावे याची रीतसर दीक्षा द्यावी, सूची कशी पाहावी, संदर्भग्रंथ कसा उघडावा हे शेजारी उभे राहून दाखवावे, असा त्यांचा आग्रह होता. संदर्भसेवेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी हे विस्ताराने मांडले आहे. वर्गात प्राध्यापक साठ जणांना एकच धडा देतो. ग्रंथपाल मात्र प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे व गतीप्रमाणे पुढे नेऊ शकतो. ज्याच्या घरी आईवडिलांनी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही, अशा घोडेगाव-मंचरकडच्या मुलाला किंवा मुलीला या मदतीची किंमत अधिक. शिकवणीचे पैसे नसले तरी ही तालीम मिळू शकते, मात्र मुलाने विचारले पाहिजे आणि विचारल्यावर कोणी ओरडता कामा नये!

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारा त्यांचा ग्रंथ 1931 चा. पुढे बनारस व दिल्ली विद्यापीठांत त्यांनी काम केले. 1957 साली नेमलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष होते. ग्रंथपालांना प्राध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा व वेतन द्यावे, अशी शिफारस तिने केली. 27 सप्टेंबर 1972 रोजी बंगलोर येथे ते निवर्तले. त्यापूर्वीच बचतीतील एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन त्यांनी पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन करविले होते.